तपकिरी स्वेटरमधला गोळा

भिंगवाल्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळीकडे, लिलावघरात, गल्लीत, अगदी दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा, ते भिंगवालेच होते. काळ्या दोरीला बांधलेलं एक लहानसं भिंग त्यांच्या गळ्यात असायचं आणि ते फक्त अंघोळीला आणि झोपताना उतरायचं. लिलावघरात जुन्या घरांतलं सामान विकायला यायचं. ते बघायचं, काय आहे ते ओळखायचं, खरं की बनावट ते ठरवायचं आणि त्यावर चिठ्ठी चिकटवायची, हे त्यांचं काम. या कामामुळे आपला स्वभाव संशयी झाला असं ते सांगायचे. त्यांची बायको म्हणायची, उलटं आहे, स्वभाव आधीचाच होता, काम मागाहून मिळालं.

आणि तिचं काही चुकत नव्हतं. कुणाच्या घरी गेलं की हा माणूस कप उलटा करून बुडावरचा छाप बघायचा. एकदा चहा संपायच्या आधीच उलटा केला, तेव्हा यजमानीण बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. भाजीवाल्याने खूश होऊन वर दोन लिंबं घातली, तर का घातली असतील, याचा विचार घरापर्यंत. घरी येऊन लिंबं कापून पाहिली. चांगली निघाली, त्यामुळे संशय जास्तच वाढला. शेजारी जिन्यात हसला, म्हणजे काहीतरी मागायला येणार. नाही हसला, म्हणजे आधीच काहीतरी घेऊन गेलेला. अशा माणसाबरोबर संसार करणाऱ्या बाईला लोक विचारायचे, कसं जमवता हो? ती म्हणायची, मी त्यांना काही फुकट देतच नाही.

लिलावघरात त्यांनी घालून दिलेला एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. जुन्या वस्तूत तेल घालायचं नाही, पाणी घालायचं नाही आणि तिला आग दाखवायची नाही. दिवा आला तर लावून बघायचा नाही. सुरई आली तर भरून बघायची नाही. एका उत्साही कारकुनाने कधीतरी एक जुना कंदील पेटवून पाहिला होता. काच तडकली, गिऱ्हाईक बोंबललं, आणि तेव्हापासून हा नियम. घरीही तोच. बायकोने एकदा कपाटातल्या जुन्या फुलदाणीत चक्क फुलं ठेवली, तर आठवडाभर अबोला. त्यामुळे झालं असं, की उभ्या आयुष्यात भिंगवाल्यांनी ढिगांनी दिवे हाताळले, त्यांची झाकणं, वाती, चाव्या, नळ्या सगळं त्यांना तोंडपाठ होतं, पण त्यांतला एकही त्यांनी पेटलेला पाहिला नव्हता.

तर अशा या भिंगवाल्यांसमोर एका दुपारी त्यांची सख्खी बहीण गिऱ्हाईक म्हणून येऊन बसली.

गिऱ्हाईक म्हणून म्हणजे अगदी रीतसर. दारावरच्या माणसाकडून नंबर घेतला, लाकडी बाकावर इतर लोकांच्या रांगेत बसली, आणि पुकारा झाल्यावर कापडी पिशवी छातीशी धरून उठली. भिंगवाल्यांनी मान वर केली. ताई! पंधरा वर्षांनी मोठी बहीण, आता पाठीत वाकलेली, चष्मा जाड झालेला. त्यांच्या पोटात पहिलं जे आलं ते प्रेम नव्हतं. नंबर कशाला घेतला हिने? सरळ आत येता आलं असतं. म्हणजे सगळ्यांसमोर दाखवायचं होतं की भाऊ असून रांगेत बसावं लागतं.

"बस ना ताई," ते म्हणाले.

"बसायला वेळ नाही रे. घर रिकामं करतेय. रविवारी लेकीकडे जाणार, कायमचीच. परत यायचं असं काही या वयात होत नाही. माळ्यावरून हे निघालं. आईच्या चिंध्यांच्या पेटीत होतं, वाटणीच्या वेळी ती कुणी उघडलीच नव्हती." तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं एक गाठोडं काढलं आणि टेबलावर अलगद ठेवलं. "आत काच आहे बहुतेक. माझी बोटं आता गाठी सोडत नाहीत, आणि फोडून ठेवायची भीती वाटली. काय आहे तेवढं बघून सांग. आईचं आहे, भंगारात नको जायला."

"तू उघडलंच नाहीस?"

"नाही."

"एवढी वर्षं माळ्यावर होतं, आणि आत काय आहे ते तुला माहीत नाही?"

ताईने चष्म्याच्या काचांवरून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, थकवा होता. "नाही माहीत," ती म्हणाली. "कळलं की फोन कर. रविवारच्या आत." आणि निघून गेली. जाताना तिने नंबरचा पत्रा दारावरच्या माणसाला परत दिला, तोही न विसरता.

आता या दोघांमध्ये काय बिघडलं होतं ते सांगायला हवं, नाहीतर ही दोन म्हातारी माणसं अशी का वागतायत ते कळणार नाही.

ताईचं लग्न झालं तेव्हा भिंगवाले चार वर्षांचे होते. त्याच वर्षी वडील गेले. आईने रफूचं काम धरलं. कोटाला पडलेलं भोक, शालीला लागलेली कसर, असं काय काय लोक आणून द्यायचे आणि आई त्याच कापडाचे धागे काढून ते असं भरायची की मालकालाही जागा सापडू नये. राहायला एका इमारतीच्या मागची खोली, जिथे विजेची तार आलेली नव्हती. ताई लांब सासरी. ती वर्षातून एकदा यायची, पाहुणीसारखी दोन दिवस राहून जायची, आणि तेवढे दिवस आई काम बंद ठेवायची. त्या खोलीतलं भिंगवाल्यांना फारसं काही आठवत नव्हतं. एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोर लख्ख होती. संध्याकाळी ते खाटेवर आडवे झालेले असायचे, आई टेबलाशी पाठमोरी बसलेली असायची, आणि तिच्या दंडाच्या बाजूने एक चांदीचा दिवा दिसायचा. पांढरा, गोल, थंड उजेडाचा. तसा उजेड त्यांनी पुढे कुठे पाहिला नाही. नंतर वीज आली, चांगली खोली मिळाली, आणि तो दिवा दिसेनासा झाला.

पुढे ते लिलावघरात लागले, दिव्यांतलं त्यांना कळायला लागलं, आणि या आठवणीला ज्ञानाची जोड मिळाली. ज्योतीचा उजेड मुळात पिवळा. तो असा पांढरा दिसायचा म्हणजे ज्योतीमागे चांदीचा, चांगला जाड, घासून लखलखीत केलेला परावर्तक असणार. असे दिवे बड्या घरांतून असतात. आईला कुणा गिऱ्हाइकाने कामाच्या बदल्यात दिला असेल. लहानपणी जे फक्त वाटलं होतं, त्यावर आता त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली: चांदीचा दिवा, अस्सल.

म्हातारपणी आई ताईकडे राहायला गेली. तिची खोली आवरून रिकामी केली ती ताईच्या नवऱ्याने, दाजींनी. भिंगवाले तेव्हा दूरच्या शहरातल्या एका लिलावघरात नोकरीला. दाजी टपालखात्यात, पार्सलांच्या विभागात होते. अतिशय मोजकं बोलणारा माणूस. आई गेली, तिचं सामान दोघा भावंडांत वाटायला काढलं, सगळे नातेवाईक बसले होते, आणि भिंगवाले म्हणाले, "चांदीचा दिवा दिसत नाही."

"आईकडे कुठली रे चांदी?" ताई म्हणाली.

"होता. मी रोज पाहिलाय. तू नव्हतीस तेव्हा. खोलीच्या किल्ल्या तुमच्याकडे होत्या, मला काय विचारतेस?"

दाजी कोपऱ्यात बसून चष्मा पुसत होते. ते म्हणाले, "मी तर असं काही पाहिलं नाही." आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले. भिंगवाल्यांना तेवढं पुरलं. खरा माणूस इतका वेळ चष्मा पुसत नाही, हे त्यांनी मनात धरलं ते धरलंच. त्यानंतर येणंजाणं बंद झालं. लग्नाच्या पत्रिका टपालाने यायच्या, आजारपणाचे फोन व्हायचे, बरं आहे ना, बरं आहे, ठेवतो. दाजी गेले तेव्हाही भिंगवाले सकाळी गेले आणि दुपारी परत आले. तिथेही त्यांची नजर कपाटांवरून फिरत होती, हे त्यांच्या बायकोने पाहिलं आणि त्यांना सुनावलं.

आता हे गाठोडं. भिंगवाल्यांनी ते लिलावघरात उघडलं नाही, चारचौघांत आपल्या घरची लक्तरं कशाला? घरी आणलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"साप आहे का आत?" बायकोने विचारलं.

"ताईने दिलंय."

"मग उघडा की. ताई बॉम्ब देणार नाहीत."

सुतळीची गाठ घट्ट आणि नेटकी होती. ओढून सुटेना. शेवटी त्यांनी ती टाचणीने उकरली, कारण सुतळी कापणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. वर्तमानपत्राच्या आत एक तपकिरी, लोकरीचा, पुरुषी स्वेटर निघाला. त्याच्या दोन्ही बाह्या गाठोड्याभोवती फिरवून पुढे बांधल्या होत्या. आणि स्वेटरच्या आत हिरवट झाक असलेला, नारळाएवढा, पोकळ काचेचा एक गोळा. वर आखूड मान, तिच्यात बूच. सोबत एक लाकडी दांडा, त्याला जड गोल पाया, दांड्याच्या टोकाला गोळा बसेल अशी वाटी. आणि दांड्यावर वरखाली सरकणारा एक पत्र्याचा हात, ज्याच्या टोकाला मेणबत्ती खोचायची नळी.

भिंगवाल्यांनी आधी स्वेटर तपासला. खिसे नव्हतेच, तरी शोधले. बाह्यांत हात घालून पाहिलं. उजव्या कोपराला भोक होतं. "भंगार एवढ्या काळजीने कोण बांधतं?" ते पुटपुटले. "लोक भंगार पोत्यात कोंबतात. हे कुणाला तरी किमती वाटलेलं आहे."

"किंवा फुटेल असं वाटलेलं आहे," बायको म्हणाली आणि कांदा कापायला लागली.

मग भिंग डोळ्याला लागलं आणि तास कसे गेले कळलं नाही. हा दिवा आहे की नाही? मेणबत्तीची नळी आहे, तिच्यावर जुनी, खोल गेलेली काजळी आहे, म्हणजे दिवा आहे. पण मग गोळा कशाला? मेणबत्ती गोळ्याच्या आत नाही, मागे आहे. वाऱ्यापासून आडोसा म्हणावा तर मेणबत्ती बाकी तिन्ही बाजूंनी उघडी. गोळ्यात तेल घालत असतील? वात जायला जागा नाही, तेलाचा चिकटा नाही. अत्तराचा? वास नाही. औषधाचा? एवढं औषध कोण पितं? काच हाताने फुंकलेली, आत बारीक बुडबुडे, खरी जुनी. लाकूड वेगळ्या वयाचं. पत्रा आणखी वेगळा. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर, नवल म्हणजे, समाधान पसरलं.

"जोडकाम," ते म्हणाले. "तीन वेगळ्या वस्तूंचे तुकडे आणून एक वस्तू केलीय. बाजारात असं पुष्कळ येतं. आणि मला आता सगळं कळलं."

"काय कळलं?"

"जाता जाता ताईला मन हलकं करायचंय. आईची म्हणून काहीतरी काच माझ्या गळ्यात मारायची. चांदी गिळली आणि काच आणून दिली. वर म्हणते, मी उघडलंच नाही!"

बायकोने सुरी खाली ठेवली. "अहो, ती बाई रविवारी जातेय. पंच्याहत्तरी उलटलीय तिची. तुम्हाला दुसरं सख्खं कोण उरलंय या जगात? मी म्हणणार होते, जायच्या आधी तिला जेवायला बोलावू. तर तुम्ही तिच्यावर चिठ्ठी चिकटवताय."

"जेवायला नको."

"त्या दिव्यावर एकदाचं पाणी सोडा की हो. एवढी वर्षं झाली!"

रविवार हा शब्द मात्र भिंगवाल्यांच्या डोक्यात राहिला. फोन करून जोडकाम आहे, भंगार आहे, टाकून दे, एवढं सांगितलं की झालं. ताई बरं म्हणेल, लेकीकडे जाईल आणि विषय कायमचा संपेल. ते फोनपर्यंत गेलेही. पण पारखी माणसाला एक खोड असते, वस्तूचा शेवटचा कोपरा बघितल्याशिवाय त्याला चिठ्ठी लिहवत नाही. ते परत आले आणि त्यांनी लाकडी पाया उलटा केला.

पायाला एका बाजूने बारीक चीर गेली होती. चिरेत काहीतरी अडकलं होतं. चिमट्याने ओढलं तर धागा निघाला. करडा, लोकरीचा, नखाएवढा. मग निळा. मग मरून. मग कितीतरी, सगळ्या रंगांचे, सगळे तेवढेच लहान. भिंगवाल्यांनी ते एका पांढऱ्या कागदावर मांडले आणि बघत राहिले. हे तुकडे त्यांना भिंगाशिवाय ओळखता येत होते. त्यांचं लहानपण या तुकड्यांत गेलं होतं. ते आईच्या पदराला लागलेले असायचे, अंथरुणात सापडायचे, एकदा तर भातात सापडला होता. तीन वस्तूंचं जोडकाम असेल तर असो, पण ते आईच्या टेबलावर उभं होतं आणि आई त्याच्याशी बसून काम करत होती.

"पण हे करत काय असेल?" ते स्वतःशीच म्हणाले. "गोळ्यात आत मानेखाली पांढरं कडं आहे. गोल, एका रेषेत. कसलं आहे कळत नाही."

बायको हात पुसत आली आणि वाकून बघायला लागली. "आपल्या किटलीत बसतो ना, तसला थर आहे. पाण्याचा. पाणी भरून ठेवत असतील."

"दिव्यात पाणी?"

"मला काय विचारता? मला तर फुलदाणीत पाणी घालायलाही बंदी आहे."

भिंगवाले टेबलाशी उभे राहिले. त्यांच्या हाताशी गळ्यातलं भिंग आलं, सवयीने. ते त्यांनी वरच्या विजेच्या दिव्याखाली धरलं आणि टेबलावर उजेडाचा एक ठिपका पडला, जसा रोज पडायचा. त्यांनी ठिपक्याकडे पाहिलं. मग गोळ्याकडे. पुन्हा ठिपक्याकडे. आणि मग या गृहस्थाने जे केलं ते बघून लिलावघरातला तो जुना कारकून आनंदाने नाचला असता. त्यांनी माठातलं पाणी घेऊन गोळा कड्यापर्यंत भरला, बूच लावलं, गोळा वाटीत बसवला, आणि बायकोला म्हणाले, "मेणबत्ती आण. खिडकी लाव आणि वरचा दिवा घालव."

मेणबत्ती पेटली, पत्र्याचा हात थोडा वर सरकवला, आणि टेबलाच्या अलीकडे हवेत कुठेतरी उजेड गोळा झाला. बायकोने तिथे हात धरला. तिच्या तळहातावर तळहाताहून लहान, हिरवट काचेतून आणि पाण्यातून पिवळेपणा गाळून आलेला, स्वच्छ पांढरा ठिपका पडला. "अगबाई!" ती म्हणाली. "माझ्या बोटावरच्या रेषा दिसतायत. चष्मा नसताना." बाकीची खोली अंधारीच होती. सगळा उजेड वेचून एका जागी आणून ठेवल्यासारखा. एका भोकापुरता. रफू करणाऱ्या बाईला आणखी काय हवं असतं?

"म्हणजे हे पाण्याचं भिंग आहे," भिंगवाले हळू आवाजात म्हणाले. "बारीक काम करणाऱ्यांचं. जोडकाम नाही. काच फुटली की नवी घालायची, पत्रा गंजला की बदलायचा. म्हणून वयं वेगळी." त्यांना आनंद झाला होता. अशी वस्तू त्यांच्या टेबलावर आजवर आली नव्हती. त्यांना लिहून घ्यायचं होतं. ते पेन्सिल घ्यायला वळले, हाताचा धक्का लागून काड्यापेटी खाली पडली, आणि ती उचलायला ते गुडघ्यांवर बसले.

खाली बसले आणि मान वर केली, तर बायको टेबलाशी पाठमोरी उभी होती. तिच्या दंडाच्या बाजूने त्यांना दिसला. पांढरा. गोल. थंड उजेडाचा. चांदीचा दिवा.

ते तसेच जमिनीवर बसले. बायकोने दोनदा हाक मारली. तिला वाटलं, छातीत वगैरे दुखतंय. त्यांनी फक्त बोट दाखवलं. ती त्यांच्या शेजारी येऊन, गुडघे धरून खाली बसली आणि तिने तिकडे पाहिलं, आणि तिलाही कळलं. ती अशा वेळी नेहमी काहीतरी टोचून बोलायची. या वेळी तिने खाली पडलेली काड्यापेटी उचलून त्यांच्या हातात दिली.

"चांदी नव्हतीच," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. त्यांना लाज वाटत होती, नुसती लाज, आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ते ताईकडे गेले. गोळा पुन्हा त्याच स्वेटरात, कारण घरात तेवढं मऊ आणि तेवढ्या मापाचं दुसरं काही सापडलं नाही. ताईच्या घरात भिंतींवर कपाटांचे चौकोन उरले होते आणि जमिनीवर खोकी. बसायला दोन बुटकी स्टुलं. भिंगवाल्यांनी रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही तोंडातून निघेना.

"काय आहे ते कळलं का?" ताईनेच विचारलं.

"दाखवतो."

त्यांनी नळाचं पाणी भरलं. खिडकीला एक चादर लावली. दिवा खोक्यावर मांडला, मेणबत्ती लावली आणि ताईला समोरच्या स्टुलावर बसवलं, थोडी खाली, थोडी उजवीकडे, जिथून बरोबर दिसेल तिथे. ताई बघत राहिली. तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक लहान पांढरा गोळा आला.

"ताई, हाच तो दिवा," भिंगवाले म्हणाले. "साधी काच आहे. पाणी आहे. चांदी कधीच नव्हती. तू घेतली नव्हतीस. मी सगळ्यांसमोर बोललो, ते चूक बोललो. माझं चुकलं."

हे सांगून झाल्यावर त्यांना वाटलं की आता ताई रडेल, किंवा भांडेल, किंवा त्यांच्या डोक्यावरून हात फिरवेल. यांतलं काहीही चाललं असतं. ताईने दिव्यावरून नजर काढली आणि खोक्यावर पडलेल्या स्वेटरकडे नेली.

"हा कुठून आणलास?"

"यातच बांधलेला होता. गाठोड्याच्या आत."

तिने तो उचलला. कॉलर बघितली, बाही बघितली. "हा ह्यांचा," ती म्हणाली. "आईची खोली आवरून आले त्या दिवशी हरवला म्हणाले. कुठे हरवला ते आठवेना. हे त्यांचं नेहमीचंच. हातात असेल ते कशालाही गुंडाळायचे. पार्सल नीट गेलं पाहिजे, बस, मग त्यात आपलं काय गेलं ते लक्षात राहायचं नाही. त्या थंडीत तसेच कामावर जायचे."

"ताई, तुझ्यावर मी एवढा आळ घेतला..."

"माझ्यावर?" ताईने मान वर केली. "मला तुझा राग नव्हता रे. मी घेतला नव्हता, ते मला माहीत होतं. मी तुझं खरं धरलं."

"म्हणजे?"

"तू म्हणालास, दिवा होता. आता तू दिव्यांतला माणूस. मी म्हटलं, माझा भाऊ दिवे ओळखतो, तो कसा चुकेल? आणि खोलीत एकटे कोण होते? हे. किल्ल्या कुणाकडे? ह्यांच्याकडे." ती स्वेटरवरून हात फिरवत होती, पण तिकडे बघत नव्हती. "मी विचारलं त्यांना. एकदा नाही, वर्षानुवर्षं. कुठे विकलात? कुणाला दिलात? स्वेटर कुणाच्या घरी विसरलात? ते म्हणायचे, मी नाही पाहिला. एवढंच. मग मी विचारायचं थांबले, पण कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला ठेवायला लागले. ते बघायचे आणि बोलायचे नाहीत. दवाखान्यातसुद्धा, अगदी शेवटी, मला म्हणाले, तो दिवा मी खरंच पाहिला नाही गं. आणि मी म्हटलं, असू दे आता. असू दे म्हटलं मी. म्हणजे घेतलात तरी असू दे."

भिंगवाल्यांना कोपऱ्यात बसून चष्मा पुसणारे दाजी दिसले. खोटं बोलणारा माणूस नव्हे. हा गोळा स्वतःच्या अंगावरच्या स्वेटरात गुंडाळून, गाठ मारून, सासूची वस्तू म्हणून सांभाळून ठेवणारा आणि हाच तो दिवा हे मरेपर्यंत न कळलेला माणूस.

"ताई, माझ्यामुळे..." ते म्हणाले.

"तू आज आलास. तुला माफी मागायला मी तरी आहे," ताई म्हणाली. "मी कुणाकडे जाऊ?"

मेणबत्ती जळत होती आणि भिंगवाल्यांना ती विझवायचा धीर होईना. ताईने आपलं स्टूल पुढे ओढलं, स्वेटर मांडीवर पसरला, आणि उजव्या बाहीचं कोपर बोटांनी चाचपत ठिपक्याखाली आणलं. भोक नीट दिसायला लागलं, त्याच्या कडेचा एकेक सुटलेला टाका दिसायला लागला.

"सुया कुठल्या खोक्यात गेल्यात कोण जाणे," ती म्हणाली. "बघ जरा."

भिंगवाले उठले आणि एकेक खोकं उघडायला लागले.